सेमिनारला आलेला विषय : अणुप्रयोगशाळेने जनरेटर का फोडला? मदत हवी

केळीबाग – शुक्रवार, रात्री ११.४०

नमस्कार. पहिलाच धागा आहे, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी जळगावला इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घर सावद्याजवळ, केळीची शेती. सेमिनारचे विषय चिठ्ठ्या टाकून वाटले. मैत्रिणीला सोलर पंप आला, मला आलं 'आयडाहो राष्ट्रीय प्रयोगशाळा : अणुऊर्जा आणि पायाभूत सुविधांची सुरक्षा'. वीस मिनिटं बोलायचंय, आणि स्लाइड वाचून दाखवायची नाही अशी सरांची अट.

दोन दिवस वाचतेय. एवढं कळलं की १९४९ मध्ये अमेरिकेने आयडाहो राज्यात अणुभट्ट्या तपासायची जागा म्हणून ही सुरू केली आणि आजवर तिथे ५२ भट्ट्या उभ्या राहिल्या. इथपर्यंत ठीक. मग मध्येच २००७ चा एक व्हिडिओ येतो. मोकळ्यावर एक भलामोठा डिझेल जनरेटर उभा. एकदा हादरतो, थांबतो, परत हादरतो, मग धूर, आधी पांढरा, नंतर काळा. म्हणे कोणी हात लावला नाही, सगळं संगणकावरून केलं.

आता मला हे खरंच वाटेना. संगणकावरून फार तर मशीन बंद पडेल, तुटेल कसं? आणि अणुभट्टीवाल्या लोकांना डिझेल जनरेटर फोडायचं काय पडलंय? एकाच प्रयोगशाळेत ही दोन खाती कशाला? सरांना विचारलं तर म्हणाले "इंटरडिसिप्लिनरी" आणि निघून गेले.

आप्पांना व्हिडिओ दाखवला. ते म्हणे, "आपली डीपी तं कोन्ही हॅक न करता जयते." डीपी म्हणजे शेतावरचा ट्रान्सफॉर्मर, तो तसाही जळतोच. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कोणाला असेल तर द्या.

चोपडेकर – शुक्रवार, रात्री ११.५२

मैत्रिणीला दोन किलो केळी दे आणि सोलर पंप घे बदलून. आप्पांना माझा नमस्कार, शंभर टक्के बरोबर बोलले.

रिलेवाले काका – शनिवार, पहाटे ५.२०

बेटा, विषय बदलू नको. चिठ्ठीत नशिबाने चांगला आलाय.

मी भुसावळचा. एकतीस वर्षं रिले टेस्टिंग केलं, कंत्राटदाराकडे. (रिले म्हणजे विजेवर नजर ठेवून बिघाड दिसला की ब्रेकरला, म्हणजे मोठ्या स्विचला, तोडायला सांगणारा राखणदार.) सबस्टेशन, जिनिंग, साखर कारखाने, जिथे पॅनल तिथे मी आणि माझी टेस्ट किटची पेटी. मोठा इंजिनियर नाही, पण तुझ्या पहिल्या शंकेचं उत्तर मी कानाने ऐकलेलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१९८९ ची गोष्ट. एक जिनिंग-प्रेसिंग कारखाना, नाव सांगत नाही. हंगामात लाईट जायची म्हणून त्यांनी अडीचशे केव्हीएचे दोन डीजी सेट, म्हणजे डिझेल जनरेटर, ठेवले होते, आणि लोड वाढला की दोन्ही पॅरलल, म्हणजे एकाच लाईनवर एकत्र, करायचे. दोन मशीनचा ताल दाखवणारा सिंक्रोस्कोप नव्हता. होते दिवे. तीन फेजला दिव्यांच्या तीन जोड्या, दोन-दोन दिवे सिरीजमध्ये. दोन मशीन एकमेकांशी जुळत नसतील तेव्हा दिवे उजळतात-विझतात, उजळतात-विझतात. दुसऱ्या मशीनचा वेग हळूहळू सारखा करत न्यायचा, की ती उघडझाप संथ होत जाते, अगदी झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखी. सगळे दिवे पूर्ण विझले त्या क्षणी ब्रेकर लावायचा. विझले म्हणजे दोन्ही मशीन एका तालात.

तर त्या पॅनलवरच्या तीन जोड्यांपैकी दोन आधीच गेलेल्या. ऑपरेटर स्टोअरला दिवे मागून मागून थकला होता. काम एका जोडीवर चाललेलं. त्या रात्री ब्रेकर लावायच्या बेतात असताना नेमका त्या जोडीतल्या एका दिव्याचा फिलामेंट गेला. सिरीज असल्यामुळे दोन्ही दिवे विझले. ऑपरेटरला वाटलं, आला ताल. लावला ब्रेकर.

मी शेजारच्या खोलीत दुसऱ्या पॅनलवर होतो. आवाज स्फोटासारखा नव्हता. कोणी लोखंडी गाडा उचलून फरशीवर आपटावा तसा एकच ठोका, पायाखालून आलेला. इंजिन आणि अल्टरनेटर यांच्यामधल्या कपलिंगचे बोल्ट कापले गेले होते, रबरी बुश फाटून उडाले होते. एक तुकडा दुसऱ्या दिवशी सरकीच्या ढिगात सापडला. इंजिनचा क्रँकशाफ्ट पिळला गेला तो वेगळाच. मशीन हंगामभर बंद.

यात संगणक कुठेच नव्हता. फक्त ब्रेकर चुकीच्या क्षणी लागला. एका जुवाला दोन बैल आहेत, एकाने पाऊल उचललंय आणि दुसऱ्याने त्याच वेळी बसकण मारली, तर मान कोणाची मोडेल? वीजवाहिनीपुढे तुझं एकटं मशीन म्हणजे हत्तीबरोबर जुंपलेलं वासरू. ताल जुळलेला नसताना ब्रेकर लागला की वाहिनी त्या मशीनच्या फिरत्या भागाला, रोटरला, क्षणात खेचून आपल्या जागेवर आणते, आणि तो धक्का तांब्याला, शाफ्टला, कपलिंगला बसतो.

आयडाहोत मार्च २००७ मध्ये हेच मुद्दाम केलं. प्रयोगाचं नाव अरोरा. २.२५ मेगावॅटचा, सत्तावीस टनांचा डिझेल जनरेटर. त्याच्या रक्षणाला जो डिजिटल रिले बसवला होता त्याच्यात तीसेक ओळींचा प्रोग्रॅम घातला: ब्रेकर उघड, मशीनचा ताल सुटू दे, मग लाव. पुन्हा उघड, पुन्हा लाव. ताल तपासून अडवणारी जी यंत्रणा असते ती जागी व्हायच्या आत, सेकंदाच्या अंशात. तुला जे हादरे दिसले तो एकेक हादरा म्हणजे एकेकदा ब्रेकर लागणं. रबराचे तुकडे तिथेही उडाले. ते वाचलं तेव्हा मला सरकीचा ढीग आठवला.

सरांनी विचारलं तर हे सांग की मशीन फोडलं ते रिलेने. जो राखणदार नेमला त्यालाच फितवलं. आमच्या वेळचा रिले म्हणजे काचेच्या डब्यात एक ॲल्युमिनियमची चकती, स्प्रिंग आणि काटा. त्याला फितवायचं तर सील तोडून स्क्रू ड्रायव्हर घेऊन जावं लागायचं. नवा रिले शंभर गोष्टी करतो, चुकांची नोंद ठेवतो, मला त्याचं कौतुकच आहे, पण तो ऐकतो. केबलवरून जो बोलेल त्याचं ऐकतो.

दुसऱ्या शंकेचं संध्याकाळी लिहितो. बाजार आहे, वांगी आणायचीत.

कुतूहल_अमळनेर – शनिवार, सकाळी ९.१०

काका, वाचून मजा आली, पण एक शंका. त्या प्रयोगात मशीन त्यांचं, रिले त्यांचा, प्रोग्रॅम त्यांचा. स्वतःच्या घराला स्वतःच्या किल्लीने कुलूप उघडून "बघा चोरी होते" म्हणायचं, असं नाही का झालं? निधी काढायला असे व्हिडिओ बरे पडतात.

तापीकाठ – शनिवार, दुपारी १.३५

नवापूरहून लिहितोय. आमचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत, तसा मीही कामाला पलीकडे, राहायला अलीकडे.

एक गोष्ट सेमिनारला घाल. अणुऊर्जा म्हटलं की आपल्याकडची पोरं तारापूर सांगतात. पण आपल्या तापीवरच आहे की काक्रापार! भुसावळ-सुरत पॅसेंजरने व्यारा स्टेशनला उतरायचं, तिथून जवळ. तुमच्याकडच्या हतनूर धरणातून जे पाणी सुटतं तेच प्रकाशा गावावरून, उकाई धरणावरून त्या भट्ट्यांना थंड करायला जातं. २२० मेगावॅटच्या दोन जुन्या, १९९३ आणि १९९५ च्या. आणि देशी बनावटीच्या ७०० मेगावॅटच्या दोन नव्या, त्यातली पहिली जुलै २०२० मध्ये पेटली, दुसरी डिसेंबर २०२३ मध्ये.

जून १९९४ मध्ये तिथे मोठा पाऊस झाला, मोतीचेर तलावाचं पाणी चढलं आणि टर्बाइनच्या इमारतीत तळाला शिरलं. भट्टी तेव्हा बंद होती म्हणून निभावलं असं आमच्याकडे जुने लोक म्हणतात. मला कायम प्रश्न पडतो, भट्टी बंदच होती तर मग पाण्याची एवढी भीती कशाला?

रिलेवाले काका – शनिवार, सायंकाळी ७.४५

भरीत झालं, आता लिहितो.

तापीकाठ यांनी जो प्रश्न विचारला तेच बेटा तुझ्या दुसऱ्या शंकेचं उत्तर आहे. अणुभट्टीवाल्यांना डिझेल जनरेटरचं काय पडलंय? सगळंच पडलंय.

औष्णिक केंद्रात कोळसा बंद केला की बॉयलर निवत जातो. अणुभट्टीत तसं नाही. अणू फुटत जाण्याची साखळी थांबवली तरी आत अणूंचे जे तुकडे झालेले असतात ते स्वतःच तापत राहतात. बंद केल्याक्षणी पूर्ण उष्णतेच्या सहा-सात टक्के, तासाभराने दीडेक टक्का, दिवसाने अर्ध्या टक्क्यावर. कमी वाटतं? काक्रापारच्या जुन्या भट्टीची एकूण उष्णता साडेसातशे मेगावॅटच्या घरात. तिचे सहा-सात टक्के काढ. पन्नास मेगावॅटची शेगडी, आणि तिला बटण नाही.

तुझ्या घरचंच उदाहरण घे. घड कापला म्हणून केळी मरत नाही. श्वास घेते, ताप धरते. सावद्याहून दिल्लीचा माल भरताना वॅगनमध्ये हवा खेळायला जागा नाही ठेवली तर आत काय होतं ते आप्पांना विचार. कापल्यावरसुद्धा गारवा द्यावा लागतो, तसंच हे.

आता तो गारवा द्यायला पंप लागतात. पंपाला वीज लागते. वीज कुठून? भट्टी तर बंद. म्हणजे बाहेरच्या वाहिनीवरून. वाहिनी गेली तर डिझेल जनरेटर. फुकुशिमात २०११ मध्ये भूकंप झाल्यावर भट्ट्या नीट बंद झाल्या होत्या, लोक हे विसरतात. बाहेरची वीज भूकंपाने गेली, तळाला ठेवलेले डिझेल सेट त्सुनामीच्या पाण्यात गेले, आणि पुढचं सगळं त्या पन्नास मेगावॅटच्या शेगडीसारख्या प्रकाराने केलं. म्हणून अणुवाल्याला वाहिनीची आणि डिझेल सेटची काळजी स्वतःच्या भट्टीइतकीच असते. दोन खाती नाहीत ती, एकाच घरातली चूल आणि पाणी आहे.

आणि दुसरं कारण साधं आहे. जागा. त्या लोकांकडे २,३०० चौरस किलोमीटर वाळवंट आहे. आपल्या जळगाव जिल्ह्याचा पाचवा हिस्सा, आणि वस्ती नाही. आत स्वतःची १३८ केव्हीची वाहिनी, स्वतःची सबस्टेशन. आपल्याकडे चालत्या वाहिनीवर कोणी "जरा तोडून बघू का" म्हटलं तर अर्धं भुसावळ दारात येईल. तिथे तोडून बघता येतं.

अमळनेरकर, तुमची शंका रास्त आहे. किल्ली त्यांचीच होती. प्रत्यक्षात चोराला आधी रिलेपर्यंत पोचावं लागतं, ते सोपं नाही, आणि ताल सुटला की ब्रेकर पुन्हा लागूच न देणारं वेगळं संरक्षण बसवता येतं. पण त्यांनी जे दाखवलं ते कुलूप उघडतं की नाही हे नव्हतंच. आत शिरलेला माणूस फक्त दिवे घालवेल की मशीन मोडेल, हा प्रश्न होता. दिवे घालवले तर तासाभरात येतात. युक्रेनमध्ये २३ डिसेंबर २०१५ ला हेच झालं. बाहेरच्यांनी ऑपरेटरच्या पडद्यावरचा माउस हलवून ब्रेकर उघडले, सव्वादोन लाख ग्राहक अंधारात. पण काही तासांत वीज आली, कारण माणसं गाडी काढून सबस्टेशनला गेली आणि हाताने ब्रेकर लावले. मशीन मोडलं असतं तर? मोठा ट्रान्सफॉर्मर दुकानात मिळत नाही, ऑर्डर दिल्यावर वर्षभर लागतं.

आप्पांना माझ्याकडून सांग, त्यांचा मुद्दा मी टाळत नाही. डीपी जळाली की काय होतं? भर मे महिना, पारा पंचेचाळीस, ठिबक बंद, आणि डीपी कधी येणार ते कोणी सांगत नाही. त्यांना अंधाराची भीती नाही, दुसरी डीपी कधी मिळेल याची आहे. आयडाहोवाले आता हाच प्रश्न आधी विचारतात. यादी कशी करायची, तर कोण आत शिरेल यावरून नाही. काय मोडलं तर आपण उठूच शकणार नाही, ते आधी लिहायचं. मग त्या एका वस्तूपाशी असं काहीतरी बसवायचं की ज्याला केबल जातच नाही. यांत्रिक ट्रिप, साधा टायमर, हाताचा व्हॉल्व्ह. तिकडे याला लांबलचक इंग्रजी नाव आहे. आपण चकतीचा रिले म्हणू.

केळीबाग – शनिवार, रात्री १०.०५

काका, केळीच्या तापाचं आप्पांना विचारलं. ते म्हणे एकदा गाडी वाटेत दोन दिवस थांबली आणि दिल्लीला माल उतरवला तो थेट खड्ड्यात. पन्नास मेगावॅटची शेगडी मी सेमिनारला घेणार, चालेल ना?

एक विचारू? भट्टीलाच असं करता नाही येणार का, म्हणजे वीज गेली, पंप गेले, कोणी काहीच केलं नाही तरी ती आपोआप शांत होईल?

रिलेवाले काका – रविवार, पहाटे ५.०५

शाब्बास. हा प्रश्न वीस मिनिटांच्या मधोमध ठेव.

करता येतं, आणि तिथेच करून बघितलंय. ईबीआर-दोन नावाची भट्टी, पाण्याऐवजी वितळलेल्या सोडियमने थंड होणारी. ३ एप्रिल १९८६ ला तिच्यावर दोन चाचण्या घेतल्या. भट्टी पूर्ण ताकदीवर असताना एकदा सोडियम फिरवणारे मुख्य पंप बंद केले, एकदा उष्णता बाहेर नेण्याची वाट बंद केली. दोन्ही वेळा आपोआप बंद करणारी यंत्रणा मुद्दाम अडवून ठेवलेली. भट्टी तापली, तापल्यामुळे आतलं धातूचं सामान फुगलं, फुगल्यामुळे साखळी चालू ठेवणारे न्यूट्रॉन जास्त निसटायला लागले, साखळी मंदावली, आणि भट्टी स्वतःच खाली आली. कोणी बटण दाबलं नाही. तेविसाव्या दिवशी, २६ एप्रिलला, चेर्नोबिल झालं आणि ही बातमी कोणाच्या लक्षात राहिली नाही.

लोखंड तापलं की फुगतं, याला पासवर्ड नसतो. कोणी हुकूम देऊन त्याला "फुगू नको" म्हणू शकत नाही. अरोरा आणि ही चाचणी, दोन टोकांचे दोन प्रयोग, एकवीस वर्षांचं अंतर, माणसं वेगळी. मला मात्र दोन्हीत एकच दिसतं. शेवटचा राखणदार असा पाहिजे की जो कोणाचं ऐकत नाही.

तापीकाठ – रविवार, सकाळी ८.२०

पण काका, आपल्या केंद्रांचं काय? कुडनकुलमला २०१९ मध्ये व्हायरस शिरल्याची बातमी होती ना. पेपरात आधी नाही म्हणाले, दुसऱ्या दिवशी हो म्हणाले.

रिलेवाले काका – रविवार, सकाळी ९.००

हो. ३० ऑक्टोबर २०१९ ला अणुऊर्जा महामंडळाने मान्य केलं. कार्यालयीन कामाच्या, इंटरनेटला जोडलेल्या एका संगणकात सापडला, भट्टी चालवणारी यंत्रणा त्यापासून वेगळी आहे असं त्यांनी सांगितलं. वेगळी असणं चांगलंच. पण मी एकतीस वर्षं "वेगळ्या" पॅनलमध्ये लॅपटॉप लावतच फिरलो ना! तोच लॅपटॉप रात्री लॉजवर पोरगा गाणी भरायला वापरायचा. इराणच्या अणुकेंद्रातलं स्टक्सनेट व्हायरसचं जे प्रकरण २०१० मध्ये उघड झालं, तिथेही यंत्रणा इंटरनेटला जोडलेली नव्हती. पेन ड्राइव्हला केबल लागत नाही, खिसा लागतो.

धुळेकर_सध्या_आयडाहो – रविवार, दुपारी ११.३०

काय भो, आमच्या गावाचं नाव धाग्यात! मी पाच वर्षांपासून आयडाहो फॉल्सला. प्रयोगशाळेत नाही, बटाट्याच्या शीतगृहांच्या कंट्रोल सिस्टिमचं काम करतो. (इकडे बटाटा म्हणजे तुमची केळी. तोही काढल्यावर श्वास घेतो आणि ताप धरतो, काका बरोबर बोलले.)

पहाटे शहरातून प्रयोगशाळेच्या बस सुटतात. शेजारी बसने जातो, आत काय करतो ते त्याने कधी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. हायवेने पश्चिमेला निघालं की काळा लाव्हा आणि सेजची झुडपं, साक्रीच्या पुढचा माळ आठवतो, फक्त इथे हिवाळ्यात बर्फ. वाटेत ईबीआर-एक लागते, तिचं आता संग्रहालय केलंय, उन्हाळ्यात उघडं असतं, तिकीट नाही. २० डिसेंबर १९५१ ला तिथे अणूपासून कामाला येईल इतकी वीज पहिल्यांदा निघाली आणि तिच्यावर दिवे लागले. किती, तर चार. दोनशे-दोनशे वॅटचे. त्या दिवशी हजर असलेल्यांनी भिंतीवर खडूने सह्या केल्या, त्या अजून जपून ठेवल्यात. मी धुळ्याहून आलेल्या आईला दाखवायला नेलं. ती म्हणाली, "एवढी मोठी इमारत आणि चार बल्ब?"

पुढे आर्को गाव. १७ जुलै १९५५ ला तासाभरासाठी अख्खं गाव अणूच्या विजेवर चालवलं. आज लोकवस्ती हजाराच्या आसपास, एक बर्गरचं दुकान.

केळीबाग, एक गोष्ट मात्र गाळू नकोस, कारण इकडे लोक ती हळू आवाजात सांगतात. ३ जानेवारी १९६१, एसएल-वन नावाची छोटी लष्करी भट्टी. कामगार मधला कंट्रोल रॉड, म्हणजे साखळी आवरून धरणारी दांडी, हाताने थोडा वर उचलून जोडत होते. तो हवा त्यापेक्षा जास्त वर आला. तिघे गेले. त्या रचनेत एकच रॉड उपसला तरी भट्टी पेटत होती, हा दोष. तेव्हापासून एक रॉड पूर्ण बाहेर राहिला तरी भट्टी बंदच राहिली पाहिजे, अशी रचना करायला लागले. काका म्हणतात ती "काय मोडलं तर उठणार नाही" यादी इथे तीन माणसं गेल्यावर सुरू झाली.

रिलेवाले काका – रविवार, दुपारी १२.१०

चार बल्ब. आमच्या जिनिंगला सहा होते, त्यातले चार गेलेले.

धुळेकर, आईंना सांगा त्यांनी बरोबर बघितलं. मीही आधी बल्बच मोजतो.

कुतूहल_अमळनेर – रविवार, दुपारी १२.४०

शंका मागे घेतो. पूर्ण नाही, अर्धी. निधीचं माझं मत तसंच आहे.

केळीबाग, याच वाटेने पुढे जायचं असेल तर भाभा अणुसंशोधन केंद्राचं ट्रेनिंग स्कूल इलेक्ट्रिकलवाल्यांनाही घेतं, गेट परीक्षेच्या गुणांवर. अणुऊर्जा महामंडळही गेटवर घेतं. माझ्या भाच्याने दोनदा प्रयत्न केला, मुलाखतीत त्याला सगळ्यात जास्त प्रश्न शेवटच्या सेमिस्टरच्या हुशारीवर नाही, पहिल्या वर्षाच्या सर्किटवर विचारले. तेवढं पक्कं कर.

केळीबाग – बुधवार, रात्री ९.१५

सेमिनार अजून व्हायचाय, पण एक सांगायला आले.

काकांचे दिवे डोक्यातून जाईनात. म्हणून कॉलेजच्या मशीन लॅबमध्ये सरांना विचारलं, आपल्याकडे दिव्यांनी सिंक्रोनाइझ करायचं पॅनल आहे का. होतं! कपाटामागे, धूळ बसलेलं. सर आणि लॅब असिस्टंट दादांनी काढून दिलं. दोन दिवे गेलेले होते, ते मी स्टेशन रोडवरून साठ वॅटचे शोधून आणले. तीन दुकानांत एलईडीच दाखवले, चौथ्या दुकानात दुकानदारांनी माळ्यावरून खोका काढला.

वेग जुळवत नेला तशी ती उघडझाप खरंच श्वासासारखी संथ होत गेली. शेवटी एक उजेड इतका हळू विझला की मी स्वतःच श्वास धरला होता. सर म्हणाले आता लाव. माझा हात ब्रेकरवर, आणि मी आधी तिन्ही जोड्यांकडे बघितलं, मग लावला. काही आवाज झाला नाही. काहीच नाही. सर हसले, म्हणाले हाच बरोबर आवाज.

काल आप्पांबरोबर गावाजवळच्या ३३ केव्ही सबस्टेशनलाही जाऊन आले. ओळखीचे ऑपरेटर होते, त्यांनी लांबून पॅनल दाखवलं. एक रिले चकतीवाला, काचेच्या डब्यातला, बाकी डिजिटल. मी वहीत सगळं उतरवून घेतलंय. केळीच्या शेतांना वीज देणाऱ्या लाईनचा, म्हणजे फिडरचा, डिजिटल रिले अमुक कंपनीचा, त्याचं सेटिंग असं आहे : (संपादित)

काका, यातला टाइम मल्टिप्लायर, म्हणजे रिलेने किती थांबून तोडायचं ते सेटिंग, मला जरा कमी वाटतोय. बरोबर आहे का?

रिलेवाले काका – बुधवार, रात्री ९.२१

बेटा, आधी ती ओळ काढ. कंपनी, सेटिंग, फिडरचं नाव, सगळं. आत्ता.

केळीबाग – बुधवार, रात्री ९.२४

काढली. सॉरी काका.

रिलेवाले काका – बुधवार, रात्री ९.३०

बघितलं, गेली. सॉरी कशाला.

वही घेऊन रविवारी भुसावळला ये, आप्पांनाही आण. माझ्याकडे एक जुना चकतीवाला रिले आहे, भंगारातून चाळीस रुपयांना घेतलेला. टेस्ट किट लावून तुझ्या हाताने ट्रिप करून दाखवतो, मग टाइम मल्टिप्लायर कमी की जास्त ते तूच सांग. दुपारी दोन ते चार येऊ नको, झोपतो.